खिडकीच्या आतल्या बाजूला

या वेळचं पत्र थोडं कमी करून देते आहे. नाव-गाव काढून टाकलं आहे.

"ताई, मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कनिष्ठ लिपिक आहे. चार वर्षं झाली. मराठीत एम. ए. केलंय, प्राध्यापकीसाठीची सेट ही पात्रता परीक्षा पास आहे. प्राध्यापक व्हायचं होतं. जागा निघेनात, त्यात बाबांचं आजारपण निघालं, तेवढ्यात ही जाहिरात आली. परीक्षा दिली, लागले. घरी पेढे वाटले.

मागच्या महिन्यात बी. कॉम.चा एक मुलगा खिडकीवर चार वेळा येऊन गेला. दर वेळी तालुक्याहून एसटीने. निकाल राखीव, म्हणजे अडवून ठेवलेला होता. एका विषयाचे अंतर्गत गुण कॉलेजकडून आलेले नाहीत असं आमच्या यादीत दिसत होतं. मी चारही वेळा सांगितलं, कॉलेजमध्ये जा. त्याला एका कंपनीत कागद दाखल करायचे होते, तारीख जवळ आली होती. चौथ्या वेळी तो भांडलाही नाही, नुसता उभा राहिला आणि गेला. त्या संध्याकाळी टेबल आवरताना कॉलेजचं पत्र सापडलं. माझ्याच टेबलावर, पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांच्या गठ्ठ्यात. आवकचा शिक्का अकरा दिवसांपूर्वीचा. दुसऱ्या दिवशी धावपळ करून निकाल लावून घेतला. अधीक्षकांना सांगितलं तर म्हणाले, 'लागला ना निकाल? मग डोक्याला लावून घेऊ नका.' मुलाला मी काहीच कळवलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्याच वर्गातला एक जण पेपर तपासणीच्या बिलासाठी आला. आता तो एका कॉलेजात प्राध्यापक आहे. ओळख दाखवली नाही. जाताना सोबतच्याला म्हणाला, 'हे नॉन-टीचिंगवाले असेच.' घरी येऊन रडले. ही नोकरी सोडून तासिका तत्त्वावर शिकवायला जाऊ का? नवरा म्हणतो, तू ठरव, मी आहे. सासूबाई म्हणतात, पर्मनंट नोकरी कोणी सोडतं का? तुम्ही चौतीस वर्षं हेच काम केलंत, म्हणून तुम्हाला विचारते."

अगं, आधी त्या मुलाचं बोलू. नोकरीचं मागाहून.

तुझे अधीक्षक 'डोक्याला लावून घेऊ नका' म्हणाले ते मायेनेच म्हणाले असतील. परीक्षा विभागात माणूस टिकवायचा तर असं काहीतरी म्हणावंच लागतं, मीही माझ्या हाताखालच्या मुलींना म्हटलं आहे. पण तुला मी ते म्हणणार नाही. हे लावून घे. रडत बसायला सांगत नाही. ते पत्र तुझ्या टेबलावर आलं कसं, अकरा दिवस पडून राहिलं कसं, हे कळेपर्यंत मात्र ते डोक्यातून काढू नकोस.

माझं सांगते. १९९१ चा उन्हाळा. तेव्हा निकालाचं लेजर आम्ही हाताने भरायचो. लांबरुंद पानं, एका ओळीत एका विद्यार्थ्याचे सगळे पेपर, खाडाखोड झाली तर शेजारी सही. मला लागून तीन वर्षं झाली होती. एका मुलीचे ६१ गुण मी १६ लिहिले. ती नापास झाली. तिने गुणपडताळणीचा अर्ज केला तेव्हा चूक सापडली, पण तोवर बी. एड.चे प्रवेश होऊन गेले होते. तिचं ते वर्ष माझ्या हाताने गेलं. आमचे तेव्हाचे अधीक्षक कडक होते. त्यांनी टिपणी मलाच लिहायला लावली, 'सदर नोंद घेताना माझ्याकडून अंकांची अदलाबदल झाली आहे', आणि खाली माझी सही. मला ज्ञापन, म्हणजे मेमो, मिळालं. मग त्यांनी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना आत बोलावलं, मला शेजारी उभं केलं, आणि चूक विद्यापीठाची आहे, ती कुठल्या टेबलावर कशी झाली, हे सगळं त्यांना सांगितलं. मुलगी काही बोलली नाही. वडिलांनी मला नमस्कार केला आणि गुणपत्रिका घेऊन ते गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून आम्ही टेबलावर 'वाचन' घ्यायला लागलो. एकीने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसरीने लेजरवर बोट ठेवून तपासायचं. तेही 'एकसष्ट' असं नाही, 'सहा, एक' असं. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर ऐकताना कान फसतो, हे आम्ही दोन-तीन वेळा फसून शिकलो. वेळ दुप्पट लागायचा, बाकीचे वैतागायचे. पुढे संगणक आले, बारकोड आले, पण हाताने भरलेला एकही आकडा मी निवृत्तीपर्यंत वाचन घेतल्याशिवाय पुढे सोडला नाही.

आता तुझ्या टेबलावरचं ते कॉलेजचं पत्र. ते कसं हरवलं असेल याचा अंदाज मी इथे बसून बांधू शकते, कारण अशी पत्रं सगळ्या विद्यापीठांत एकाच वाटेने हरवतात. कॉलेजने अंतर्गत गुण भरायची लिंक बंद झाल्यावर गुण पत्राने पाठवले. पत्र मुख्य इमारतीच्या आवक-जावकला आलं, शिक्का बसला, क्रमांक पडला. शिपायाने ते तुमच्या विभागात आणलं. तू तेव्हा खिडकीवर होतीस किंवा जेवायला गेली होतीस. त्याने टेबलावर सगळ्यात वर जो गठ्ठा दिसला त्यावर ते ठेवलं. नंतर त्याच गठ्ठ्यावर पुनर्मूल्यांकनाचे पन्नास अर्ज येऊन पडले. आवकच्या वहीत पत्राची नोंद आहे, तुझ्या वहीत नाही. म्हणजे विद्यापीठाच्या लेखी पत्र तुला मिळालं, आणि तुझ्या लेखी ते आलंच नाही. त्या मुलाचे अकरा दिवस या दोन वह्यांच्या मध्ये गेले.

म्हणून पहिलं काम. टेबलावर येणारा प्रत्येक कागद, मग तो कितीही किरकोळ वाटो, तुझ्या स्वतःच्या कार्यविवरण नोंदवहीत चढल्याशिवाय कुठल्याही गठ्ठ्यात जाणार नाही. शिपायाला सांग, पत्र टेबलावर ठेवायचं नाही, हातात द्यायचं किंवा ट्रेमध्ये टाकायचं. आणि महसूल खात्यातल्या जुन्या माणसांची सहा गठ्ठ्यांची पद्धत शिकून घे. प्रलंबित एकीकडे, ज्यावर बाहेरून उत्तर यायचं आहे ते प्रतीक्षाधीन दुसरीकडे, नियतकालिकं म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि नष्ट करायचं, असे सहा. परीक्षा विभागात सहाच्या सहा लागत नाहीत. पण 'माझ्याकडे अडलंय' आणि 'दुसऱ्याकडे अडलंय' हे दोन ढीग वेगळे असले, तरी खिडकीवर खोटं बोलायची पाळी येत नाही. तू त्या मुलाला चार वेळा खोटं सांगितलंस, आणि ते खोटं आहे हे तुला माहीत नव्हतं. या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. राखीव निकालाच्या यादीत 'कॉलेजकडून अप्राप्त' असं दिसलं की आपण विद्यार्थ्याला कॉलेजकडे पाठवतो, कॉलेज म्हणतं आम्ही पाठवलंय, आणि मूल मधल्या रस्त्यावर एसटीचं भाडं भरत राहतं. दुसऱ्यांदा आलेल्या विद्यार्थ्याला कधीही पुन्हा कॉलेजकडे पाठवू नकोस. त्याला बाकावर बसव आणि कॉलेजच्या परीक्षेच्या माणसाला तू स्वतः फोन लाव. 'जावक क्रमांक आणि तारीख सांगा' एवढं विचार. तारीख कळली की आवकची वही उघड. पाच मिनिटं जातील, पण त्याची चौथी फेरी वाचेल.

इतकं ऐकवल्यावर आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुझ्यावर अन्याय करेन. तुझ्या टेबलावर राखीव निकाल आणि पुनर्मूल्यांकन अशी दोन्ही कामं आहेत, हे तुझ्या पत्रातूनच कळतं. माझ्या काळात ती दोन माणसांची होती. मंजूर पदं वेगळी आणि प्रत्यक्ष भरलेली पदं वेगळी, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठात गेलं तरी ऐकू येतं. मधली जागा कंत्राटी मुलं भरून काढतात. तुझ्या शेजारी बसून तेच काम करतात, पगार त्यांचा निम्म्याहून कमी, आणि करार संपला की काम शिकलेला माणूस निघून जातो. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यभरातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा सातवा वेतन आयोग आणि आश्वासित प्रगती योजना (बढती मिळाली नाही तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) यांच्या जोडीला रिक्त पदं भरण्याचीही मागणी होती. बाहेरच्यांना त्यातला पगारच दिसला. परीक्षेच्या तोंडावर काम थांबवणं मला कधीच सोपं गेलं नाही, २०२० च्या सप्टेंबरात लेखणी बंद झाली तेव्हाही नाही. पण रिकाम्या खुर्चीचा त्रास शेवटी खिडकीबाहेरच्या मुलालाच होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे त्या मागणीला मी कधी स्वार्थी म्हणू शकले नाही.

आणि घाई कुठून येते तेही लक्षात ठेव. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी ४५ दिवसांत लावावा. चांगला नियम आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्या ४५ दिवसांत काय काय बसतं ते वृत्तपत्र वाचणाऱ्याला दिसत नाही. उत्तरपत्रिका मूल्यांकन केंद्रावर येणं, बैठक क्रमांक झाकणं, परीक्षक मिळणं, न मिळणं, मॉडरेशन म्हणजे तपासलेल्यांपैकी काही उत्तरपत्रिकांची फेरतपासणी, गुणांची नोंद, अंतर्गत आणि प्रात्यक्षिकाचे गुण कॉलेजांकडून मागवणं, चुकीचे बैठक क्रमांक जुळवणं, पात्रता विभागाकडून न सुटलेली नावं वेगळी काढणं. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत एकदम सगळीकडे लागू झाली, निकाल महिनोनमहिने रखडले आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं. ते सगळ्यांनी वाचलं. त्या पावसाळ्यात आपल्यासारखी माणसं रात्री किती वाजता घरी जात होती, ते कुठे छापून आलं नाही.

म्हणून दुसरं काम, आणि हे पहिल्याइतकंच महत्त्वाचं. एक टिपणी लिही. त्यात तक्रार नको, हकीकत लिही. अमुक तारखेला अमुक कॉलेजचं पत्र प्राप्त झालं, कार्यासनात नोंद न झाल्यामुळे अकरा दिवस कार्यवाही राहिली, निकाल अमुक तारखेला जाहीर केला. पुढच्या परिच्छेदात, सध्या या टेबलावर राखीव निकाल आणि पुनर्मूल्यांकन ही दोन्ही कामं असून रोज सरासरी इतके अर्ज येतात. आकडा खरा घाल, आठवडाभर मोजून घाल. तिसऱ्यात, आवक पत्रं नोंदवहीत घेऊनच द्यावीत आणि हंगामापुरता एक कर्मचारी मिळावा, आदेशार्थ सादर. तुला वाटेल, स्वतःची चूक स्वतःच्या हाताने फाईलवर कशाला? एक तर ती खरी आहे. आणि कचेरीत तोंडी सांगितलेलं कुणी सांगितलंच नव्हतं असं होतं. साहेबांनी तोंडी माफ केलं, उद्या साहेब बदलले आणि त्या मुलाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तर आवकची वही बोलेल आणि तुझ्याकडे दाखवायला काही नसेल. तू लिहिलेलं असेल तर तुझंही म्हणणं कागदावर असेल. साहेब चिडतील कदाचित. चिडू देत. टिपणीवर 'चर्चा करावी' असा शेरा आला तर चर्चा कर आणि चर्चेत जे ठरलं ते त्याच टिपणीखाली लिहून पुन्हा सादर कर.

आता तो तुझा वर्गमित्र.

'शिक्षकेतर' हा शब्द मलाही कधी आवडला नाही. एखाद्याला तो काय करतो यावरून हाक मारावी, काय करत नाही यावरून नव्हे. रुग्णालयात परिचारिकेला कुणी 'डॉक्टरेतर' म्हणत नाही. पण आपल्याकडे अधिनियमापासून संघटनेच्या फलकापर्यंत तोच शब्द आहे आणि तो आपण स्वतःच मिरवतो. विद्यापीठात शिक्षक आणि आपण यांच्यात एक भिंत असते. ती कॅन्टीनच्या टेबलांवर दिसते, सुट्ट्यांच्या यादीत दिसते. त्यांना उन्हाळ्याची आणि दिवाळीची मोठी सुट्टी, आपला तर तोच कामाचा हंगाम. दीक्षान्त समारंभात ते झग्यात मंचावर, आपण मांडवामागे प्रमाणपत्रांचे गठ्ठे अनुक्रमाने लावत. मला याचा राग यायचा. वयाच्या पस्तिशीपर्यंत खूप यायचा.

तो कमी कशाने झाला ते सांगते. एकदा एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने मला विचारलं की विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिकेची छायाप्रत द्यावी का, यावर तुमचं काय मत आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते, त्यानंतरची ही गोष्ट. मला निकाल माहीत होता, आमच्याकडची कार्यपद्धती पाठ होती, कुठे अडेल तेही ठाऊक होतं. अर्धा तास बोलत होते. त्या वहीत लिहून घेत होत्या. त्या दिवशी मला कळलं की या इमारतीत एक विषय असा आहे ज्यात मी तज्ज्ञ आहे, आणि तो विषय म्हणजे हे विद्यापीठ चालतं कसं. तुझ्या वर्गमित्राला हे येत नाही. त्याचं बिल कुठे अडलंय हे त्याला तूच सांगू शकतेस. पुढच्या वेळी आला तर त्याला नावाने हाक मार, खुर्ची दे, बिलात काय राहिलंय ते सांग. त्याने ओळख दाखवावी म्हणून नाही. तू त्या खुर्चीवर लपून बसलेली नाहीस हे तुला स्वतःला कळावं म्हणून.

कारण मला तुझ्या पत्रातून तेच वाटलं. चार वर्षं तू त्या टेबलावर पाहुण्यासारखी बसली आहेस. मन वर्गात, हात गठ्ठ्यात. ज्या कामात आपण तात्पुरते आहोत असं वाटतं, त्याची वही कोणी नीट ठेवत नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही, मीही पहिली काही वर्षं तशीच काढली.

सोडायचं का? तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते: अपमानाच्या आठवड्यात घेतलेला निर्णय म्हणून सोडू नकोस. तासिका तत्त्व म्हणजे काय ते तुला परीक्षा विभागात बसून माहीत असेलच. जितके तास घेतले तितकं मानधन, सुट्टीत काही नाही, तेही बहुतेकदा महिनोनमहिने उशिरा, आणि दर वर्षी नव्याने नेमणूक. पेपर तपासायला येणाऱ्या माणसांत तासिकेवर दहा-बारा वर्षं काढलेले किती आहेत ते जरा विचारून बघ. त्यांच्याशी बोल. चहा पाजून बोल, भीड न ठेवता विचार. त्यातले कित्येक उत्तम शिक्षक आहेत आणि त्यांना घर चालवण्यासाठी दुसरा काहीतरी उद्योग करावा लागतो. तुझा वर्गमित्र पूर्णवेळ आहे की तासिकेवर, हेही तुझ्या पत्रात नाही. 'प्राध्यापक' हा शब्द दोघांनाही लागतो.

सासूबाईंचं मात्र मी पुरतं ऐकणार नाही. 'पर्मनंट आहे, पेन्शन आहे, धरून ठेव' हे माझ्या पिढीचं बोलणं. मला जुनी पेन्शन मिळते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या तुम्हा मुलांना ती तशी नाही. त्यामुळे सुरक्षिततेच्या नावाखाली तुला आयुष्यभर नको असलेल्या खुर्चीला बांधून घालायचा मला अधिकार नाही. शिकवण्याची ओढ खरी असेल, तर तिच्यासाठी नोकरीत राहून करता येण्यासारखं पुष्कळ आहे. तुझं सेटचं प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. २०२३ मध्ये युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेट ही किमान अर्हता पुन्हा कायम केली, पीएच. डी.ची सक्ती काढली. पण मुलाखतीत पीएच. डी.वाला पुढे असतो हे तुलाही ठाऊक आहे. २०२२ च्या युजीसीच्या नियमांनी अर्धवेळ पीएच. डी. करता येते, नियोक्त्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते मागायला संकोच करू नकोस, लेखी अर्ज कर. विषय जवळचा निवड. कचेरीची मराठी हाच किती मोठा विषय आहे! 'मान्यतेस्तव सादर' आणि 'योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित' या भाषेत आपण चौतीस-चौतीस वर्षं बोलतो आणि मराठीच्या कुठल्या अभ्यासकाने माझ्यापाशी येऊन ती विचारली नाही. तू ती आतून जाणतेस. आणि कायम जागेची जाहिरात निघाली की खुशाल अर्ज कर, योग्य मार्गाने, विद्यापीठामार्फत. लागलीस तर मी पेढे मागायला येईन.

पाच-सहा वर्षांत नाही लागलीस तर? तेव्हा तुझ्यापुढे ही नोकरी असेल, आणि ती तोवर तू कशी केलीस यावर तिचं रूप अवलंबून असेल. मला तिच्यात काय मिळालं ते सांगते, तुला मिळेलच असं नाही.

आमच्याकडे प्रमाणपत्रावर नाव देवनागरीत आणि इंग्रजीत छापायला लागले तेव्हा अर्ज इंग्रजीत भरलेले असायचे आणि संगणक त्यावरून मराठी नाव बनवायचा. त्याला ळ येत नव्हता. काळे होते ते काले झाले, गोळे होते ते गोले, शिरोळे होते ते शिरोले. छपाईला जाण्याआधी यादी माझ्याकडे आली. हजारो नावं. दुरुस्तीला मला कुणी सांगितलं नव्हतं, यादीवर फक्त सही करायची होती. आम्ही तिघी तीन आठवडे संध्याकाळी थांबून ळ शोधत बसलो. संशय आला तिथे कॉलेजला फोन केले, दाखल्यावर काय आहे विचारलं. त्यांतली कितीतरी मुलं घरातली पहिली पदवीधर. ते प्रमाणपत्र फ्रेम होऊन भिंतीवर लागणार, आजी नातवाला ते नाव वाचून दाखवणार, आणि त्यात आडनावच चुकलेलं! अजूनही कुणाच्या घरी भिंतीवर आमच्या विद्यापीठाची पदवी दिसली की मी आधी आडनाव बघते.

दुसरं एक काम मला फार आवडायचं. परदेशात गेलेल्या मुलांचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा. बंद पाकीट, पाकिटाच्या तोंडावर शिक्का आणि सही. कधीकधी सोबत एक पत्र लागतं, की तेव्हाचं आणि आताचं विद्यापीठ एकच आहे. मराठवाडा विद्यापीठाला १९९४ मध्ये बाबासाहेबांचं नाव मिळालं, पुण्याला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं, जळगावला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं, सोलापूरला २०१९ मध्ये अहिल्यादेवींचं. ज्यांची पदवी आधीची, त्यांना कॅनडातल्या नाहीतर जर्मनीतल्या कुणा कारकुनाला हे समजावून सांगावं लागतं. ते पत्र लिहिणारा इथला कारकून असतो. म्हणजे दोन देशांतले दोन कारकून, आणि मधे एका मुलीचं सगळं पुढचं आयुष्य. ते पत्र मी कधी जुन्या नमुन्यावरून तसंच उतरवलं नाही, दर वेळी तारखा पुन्हा तपासल्या.

तर आता त्या मुलाचा फोन. हे तू अजून केलेलं नाहीस आणि तेच तुला झोपू देत नाहीये, असं मला वाटतं.

परीक्षा अर्जावर त्याचा मोबाईल नंबर असेल. कचेरीच्या फोनवरून लाव, स्वतःच्या नव्हे. अधीक्षकांना आधी सांग की लावते आहे. नाव सांग, हुद्दा सांग. 'तुमचा निकाल अमुक तारखेला लागला आहे. कॉलेजने गुण पाठवले होते, पत्र आमच्या टेबलावर राहून गेलं, चूक आमची होती, तुम्हाला चार फेऱ्या पडल्या.' एवढं. कारणं सांगू नकोस, माणसं कमी आहेत हे त्याला सांगण्यात अर्थ नाही. मग विचार, कंपनीच्या कागदांचं काय झालं. तारीख गेली असेल आणि ते ऐकून घेणार असतील, तर 'निकाल कार्यालयीन कारणास्तव विलंबाने जाहीर झाला, यात विद्यार्थ्याचा दोष नाही' असं पत्र उपकुलसचिवांच्या सहीने त्याला दे. मसुदा तू कर आणि फोनच्या आधीच करून ठेव, म्हणजे 'बघते, कळवते' असं म्हणायची वेळ येणार नाही. सही झाली की ईमेलने पाठव आणि मूळ प्रत पोस्टाने. त्याला पाचव्यांदा एसटीत बसवू नकोस.

तो रागावेल, किंवा नोकरी गेली असं सांगेल, किंवा नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवेल. जे म्हणेल ते ऐकून घे. सोमवारी अकराच्या आत कर, नंतर खिडकीवर गर्दी होते.